मंडळाच्या कमिटीला खुलं पत्र: उमेदवारांना वंशभेदाबद्दलही विचारा

नमस्कार कमिटीतल्या सगळ्यांना, आणि सिअ‍ॅटलच्या बाजूच्या बेलव्ह्यू, रेडमंड, कर्कलँड, समॅमिश, इसाक्वा, बॉथेल इकडच्या सगळ्या मराठी मतदारांना,

ऑक्टोबरमध्ये सिटी काउन्सिल आणि स्कूल बोर्डाच्या उमेदवारांना बोलवून मंडळातर्फे सभा घ्यायची ठरलीय, ही खरंच चांगली गोष्ट आहे. इतकी वर्षं आपण गणपती केले, दिवाळी केली, कोजागिरीचं दूध आटवलं, पण ज्या शहरात राहतो त्याच्या कारभारावर एकत्र बसून कधी बोललो नाही, त्यामुळे ज्यांनी हे मनावर घेतलं त्यांचे आधी आभार. पण सभेसाठी प्रश्न मागवले तेव्हा मी जे पाठवले त्यातला प्रॉपर्टी टॅक्सचा घेतला, क्रिकेट ग्राउंडचा घेतला, आणि पोलिस, घरं, शाळेतल्या शिक्षा यात माणसाचा रंग बघून जो फरक होतो त्याबद्दलचे सगळे काढून टाकले. का म्हणून विचारलं तर उत्तर आलं की रेसचा विषय कॉन्ट्रोव्हर्शियल आहे, मंडळाला न्यूट्रल राहावं लागतं, आणि तसाही तो आपला इश्यू नाही. फोनवर बोलून झालं, मेसेजवर बोलून झालं, आता सगळ्यांसमोर लिहितेय कारण सभा सगळ्या मेंबर्सची आहे आणि काय विचारायचं नाही हे चौघांनी परस्पर ठरवायची गोष्ट नाहीये.

न्यूट्रलचं आधी बघू, ते लवकर संपतं. आपलं मंडळ फाइव्ह-ओ-वन-सी-थ्री, म्हणजे टॅक्स माफ असलेली सेवाभावी संस्था आहे, त्यामुळे कुठल्याही उमेदवाराला पाठिंबा द्यायचा नाही, विरोध करायचा नाही, हे बरोबर आहे, 1954 पासून कायदा तसाच आहे. पण सगळ्या उमेदवारांना बोलवायचं, सगळ्यांना तेच प्रश्न आणि तेवढाच वेळ द्यायचा, याला कुणाची ना नाही. उलट अशा सभेत विषय भरपूर असावेत, एकाच मुद्द्यावर सगळी सभा नको, अशी अपेक्षा असते, म्हणजे टॅक्स आणि क्रिकेटच्या जोडीला पोलिस आणि घरं घेतली तर आपण नियमाला धरूनच चालतोय. तेव्हा कायद्याचं कारण पुढे करू नका प्लीज.

आता "आपला इश्यू नाही" याबद्दल, इथे मी जरा वेळ घेणार आहे.

ट्युलिप बघायला आपण सगळे माउंट व्हर्ननला जातो, तिथून थोडं पुढे उत्तरेला बेलिंगहॅम आहे. तिथे 4 सप्टेंबर 1907 च्या रात्री काही शे गोऱ्या लोकांच्या जमावानं लाकडाच्या मिल्समध्ये काम करणाऱ्या भारतीय मजुरांना, बहुतेक सगळे पंजाबी शीख होते, झोपायच्या जागेतून ओढून बाहेर काढलं, मारलं, त्यांचं सामान लुटलं. बऱ्याच जणांना सिटी हॉलच्या तळघरात कोंडलं, म्हणे त्यांच्याच सुरक्षेसाठी, आणि थोड्याच दिवसांत ते सगळे गाव सोडून गेले. एकालाही शिक्षा झाली नाही. पुढे 1923 ला सुप्रीम कोर्टानं भगतसिंग थिंड यांच्या केसमध्ये निकाल दिला की भारतीय माणूस कायद्याच्या अर्थानं गोरा नाही, सबब तो अमेरिकन नागरिक होऊ शकत नाही, आणि आपल्या या वॉशिंग्टन राज्यात तर 1921 पासून कायदा होता की ज्याला नागरिक होता येत नाही त्यानं जमीन घ्यायची नाही. तो कायदा जायला 1966 उजाडलं, त्याआधी तो काढायचा प्रस्ताव आला होता तेव्हा इथल्या मतदारांनीच नको म्हणून मत दिलं होतं. आज समॅमिशला ज्यांचं पाच बेडरूमचं घर आहे त्यांनी हे वर्ष लक्षात ठेवावं असं मला मनापासून वाटतं.

थिंड यांच्या निकालाची तारीख 19 फेब्रुवारी. 1942 ला त्याच तारखेला रूझवेल्टनी ज्या आदेशावर सही केली त्यामुळे बेलव्ह्यूमधल्या जपानी शेतकऱ्यांना घरंदारं सोडून कॅम्पात जावं लागलं, आज जिकडे मॉल आणि काचेचे टॉवर आहेत त्या भागात त्यांची स्ट्रॉबेरीची शेतं होती. आपण 19 फेब्रुवारीला शिवजयंती करतो, मुलं मावळ्यांचे ड्रेस घालून येतात, पोवाडा होतो. त्याच कार्यक्रमात मुलांना या दोन गोष्टीही सांगायला काय हरकत आहे, मोठी मुलं नक्की ऐकतील.

आणि मग आपण इथे आलो कसे? 1965 च्या इमिग्रेशन कायद्यामुळे. त्याच्या आधी भारताच्या वाट्याला वर्षाला 100 माणसांचा कोटा होता, शंभर, तोही 1946 ला मिळालेला. तो काढायचं वातावरण ज्यांनी तयार केलं ती कृष्णवर्णीयांच्या हक्कांच्या चळवळीतली माणसं माँटगोमेरीला बसवर बहिष्कार टाकून मैलोन्‌मैल चालली होती, बर्मिंगहॅमला त्यांच्या अंगावर कुत्रे सोडले होते, सेल्माला पुलावर लाठ्या खाल्ल्या होत्या. सिव्हिल राइट्स ॲक्ट 1964 चा, व्होटिंग राइट्स ॲक्ट ऑगस्ट 1965 चा आणि आपल्याला दार उघडणारा कायदा त्याच वर्षीच्या ऑक्टोबरचा, हे एकामागोमाग आलंय ते काही योगायोगानं नाही. आपल्या किंग काउंटीच्या लोगोवर डॉ. मार्टिन ल्यूथर किंग यांचा चेहरा आहे, 1986 ला काउन्सिलनं ठराव करून काउंटीचं नाव एका गुलाम बाळगणाऱ्या उपाध्यक्षाऐवजी त्यांच्यावरून आहे असं जाहीर केलं. ज्या काउंटीत मत टाकतो तिचं नाव त्यांचं, आणि त्यांचा विषय काढला की आपण म्हणणार हा आपला इश्यू नाही?

शिवाय आपण मराठी माणसं आहोत, हे नातं आपल्याकडे तर फार आधी ओळखलं होतं. जोतीराव फुल्यांनी 1873 ला 'गुलामगिरी' छापलं ते अमेरिकेत गुलामांना मुक्त करणाऱ्या भल्या लोकांना अर्पण केलं होतं. कोलंबिया युनिव्हर्सिटीत शिकलेल्या बाबासाहेबांनी 1946 ला अमेरिकेतले कृष्णवर्णीय विचारवंत डब्ल्यू. ई. बी. डू बॉइस यांना पत्र लिहून विचारलं की तुमच्या लोकांचं गाऱ्हाणं युनायटेड नेशन्सपुढे मांडायचा जो मसुदा झालाय त्याची प्रत मिळेल का, आणि डू बॉइसनी उत्तरही पाठवलं. 1972 ला मुंबईत नामदेव ढसाळ, राजा ढाले, ज. वि. पवार यांनी दलित पँथर काढली तेव्हा नाव ओकलंडच्या ब्लॅक पँथर्स या कृष्णवर्णीयांच्या संघटनेवरून घेतलं. म्हणजे बाबासाहेब सोडले तर जी माणसं कधी अमेरिकेत राहिलीही नाहीत त्यांनाही इथल्या कृष्णवर्णीयांचं दुःख आपलं वाटलं, आणि आपण इथे राहतो, इथे मत देतो, आपली मुलं त्यांच्या मुलांच्या शेजारी बसतात.

बरं, इतिहास बाजूला ठेवा. आपले आई-बाबा सहा महिन्यांसाठी येतात तेव्हाचं बघा. बाबा सकाळी उठून कानटोपी, मफलर, पायात जाड मोजे आणि वर सॅंडल अशा थाटात कॉलनीत चालायला निघतात, एखाद्या घरापुढे थांबून फुलं बघतात, गराज किती मोठं आहे ते बघतात. 2015 च्या फेब्रुवारीत अलाबामातल्या मॅडिसनमध्ये असेच एक गुजराती आजोबा, नातवाला सांभाळायला आलेले, सकाळी मुलाच्या घरासमोरच्या फुटपाथवरून चालत होते. शेजाऱ्यानं पोलिसांना फोन केला की एक सडपातळ ब्लॅक माणूस घरांच्या आसपास फिरतोय. पोलिस आले, आजोबांना इंग्रजी येत नव्हतं, एका पोलिसानं त्यांना उचलून जमिनीवर आपटलं आणि मानेला अशी इजा झाली की अंग लुळं पडलं. त्या पोलिसावरच्या खटल्यात ज्यूरीचं दोनदा एकमत झालं नाही आणि शेवटी जजनं त्याला सोडून दिलं. फोन करणाऱ्याला ते आजोबा ब्लॅक वाटले म्हणून तो फोन तसा गेला. तेव्हा पोलिस ब्लॅक माणसाशी कसे वागतात हा प्रश्न आपला आहे की नाही हे आपण ठरवायच्या आधीच दुसऱ्या कुणीतरी ठरवलेलं असतं.

आणि आपल्याकडूनही असे फोन जातात, हे पण लिहायला पाहिजे. आमच्या रस्त्याच्या ग्रुपवर एकदा दारावरच्या कॅमेऱ्यातला फोटो फिरला, पंधरा-सोळा वर्षांचा एक ब्लॅक मुलगा, हातात कागदांचा गठ्ठा, आणि खाली आपल्याच लोकांचे मेसेज सुरू, कोण आहे हा, दार उघडू नका, नॉन-इमर्जन्सीला कळवा, एकानं तर लिहिलं की मी फोन लावतोय. तो मुलगा लॉन कापून देण्याच्या जाहिराती वाटत होता, कागदावर दर लिहिलेले होते, माझ्याही दाराला एक अडकवलेला होता. मी तो कागद ग्रुपवर टाकला तेव्हा फोन थांबला. फोटो मात्र त्या ग्रुपवर तसाच आहे, कुणी काढला नाही, कुणी सॉरी म्हटलं नाही. नवीन येणाऱ्यांना घर कुठे घ्यावं विचारलं की आपण काय सांगतो तेही सगळ्यांना माहितीये, "साउथला नको, रेंटन-केंटकडे नको, स्कूल चांगली नाहीत".

म्हणून सभेत काय विचारायचं याबद्दल मी हट्ट धरतेय, आणि आता मुद्द्यावर येते. आपल्या शहरांच्या आणि स्कूल बोर्डाच्या निवडणुका पक्षाच्या चिन्हावर होत नाहीत, बॅलटवर डेमोक्रॅट की रिपब्लिकन असं काही छापलेलं नसतं, पॅम्फ्लेटमध्ये सगळेच सेफ्टी, कम्युनिटी आणि डायव्हर्सिटीबद्दल छान छान लिहितात, सगळ्यांच्या फोटोत एक कुत्रा असतो. त्यातून माणूस ओळखायचा असेल तर एकच रस्ता, त्या खुर्चीच्या हातात नेमकं काय आहे ते काढायचं आणि तेवढंच विचारायचं. पॅलेस्टाइनबद्दल, ट्रम्पबद्दल काय वाटतं हे काउन्सिलच्या उमेदवाराला विचारून काही हाताला लागत नाही. पोलिसांचं बजेट, पोलिसांच्या युनियनशी होणारा करार, कुठल्या प्लॉटवर किती घरं बांधता येतील, हे मात्र त्याच्या मतावर ठरतं.

युनियनचा करार ऐकायला अगदी रुक्ष वाटतो, पण सगळी गोम तिथे आहे. सिअ‍ॅटलमध्ये 2010 ला जॉन टी. विल्यम्स नावाच्या नेटिव्ह अमेरिकन लाकूडकाम करणाऱ्या कलाकाराला रस्ता ओलांडून गेल्यावर पोलिसानं गोळ्या घातल्या, हातात कोरीवकामाची छोटी सुरी होती. त्यानंतर लोकांच्या रेट्यामुळे फेडरल सरकारनं चौकशी केली आणि 2012 पासून पोलिस खातं कोर्टाच्या देखरेखीखाली आलं. 2017 ला काउन्सिलनं पोलिसांना जाब विचारायचा चांगला कायदा केला, आणि पुढच्याच वर्षी युनियनबरोबरच्या करारात त्यातलं बरंच काही सोडून दिलं, इतकं की 2019 ला जजनं सांगितलं की जबाबदारीच्या बाबतीत तुम्ही मागे गेलात. मग 2023 च्या जानेवारीत आंध्रातून शिकायला आलेल्या 23 वर्षांच्या मुलीला क्रॉसवॉकवर पोलिसांच्या गाडीनं उडवलं, 25 मैलांची मर्यादा असलेल्या रस्त्यावर गाडी 74 मैलांनी चालली होती, आणि युनियनचाच एक पदाधिकारी फोनवर हसत म्हणाला की तिची किंमत मर्यादित होती, ते त्याच्याच बॉडी कॅमेऱ्यात रेकॉर्ड झालं. त्याला काढायला 2024 चा जुलै उजाडला. तेव्हा आपल्या सगळ्या ग्रुप्सवर संताप होता, मेणबत्त्या लावल्या, पण अशा पोलिसावर कारवाई कशी आणि किती दिवसांत होते हे ज्या करारात लिहिलेलं असतं तो करार मंजूर करणाऱ्यांना आपण काही विचारलं नाही.

रेडमंडला मेयर थेट निवडून येतो आणि पोलिस चीफ त्याच्या हाताखाली, बेलव्ह्यू, कर्कलँडला काउन्सिल सिटी मॅनेजर नेमतं आणि चीफ मॅनेजरच्या हाताखाली, म्हणून प्रश्न शहराप्रमाणे थोडे बदलावे लागतील. पण गाभा एकच. पोलिस कुणाला थांबवतात, कुणावर बळ वापरतात याचा वंशवार आकडा आपलं शहर दरवर्षी प्रसिद्ध करतं का, आणि करत नसेल तर तुम्ही पहिल्या वर्षात तसा ठराव मांडाल का, हो की नाही. युनियनच्या पुढच्या करारात कुठली अट तुम्ही सोडणार नाही, एक सांगा. याला जो "सगळ्यांशी चर्चा करून" म्हणेल त्याचं उत्तर नाही असं धरायचं. जो म्हणेल की मला करार नीट माहीत नाही पण वाचून आठवड्यात लेखी कळवतो आणि खरंच कळवेल, त्याला मी जास्त मार्क देईन. आधीपासून खुर्चीत बसलेल्यांना तर विचारायचीही गरज नाही, काउन्सिलच्या मीटिंगचे व्हिडिओ आणि मिनिट्स सगळे ऑनलाइन असतात, मत कसं दिलं ते दिसतं. पैसे कुणाकडून घेतले ते राज्याच्या पब्लिक डिस्क्लोजर कमिशनच्या साइटवर नावासकट असतं, अर्धा तास काढला तर एका उमेदवाराचं सगळं बघून होतं.

घरांचंही तसंच. इथल्या जुन्या वस्त्यांच्या कागदपत्रांत स्पष्ट लिहिलेलं असायचं की गोऱ्या वंशाशिवाय कुणी इथे राहायचं नाही, नोकर असेल तर चालेल, आणि त्यात आशियाई पण आले. 1948 ला सुप्रीम कोर्टानं अशा अटी कोर्टातून लागू करता येणार नाहीत म्हटलं, तरी भेदभाव चालूच राहिला, 1964 ला सिअ‍ॅटलमध्ये तो थांबवायचा कायदा मतदानाला आला तर लोकांनी दुपटीपेक्षा जास्त मतांनी पाडला, आणि मंजूर झाला तो 1968 च्या एप्रिलमध्ये, डॉ. किंगना गोळी घातल्यानंतर. युनिव्हर्सिटी ऑफ वॉशिंग्टनच्या लोकांनी असे हजारो कागद शोधून नकाशा केलाय, आपल्या घराखालची जमीन त्यात आहे का ते बघता येतं, जरूर बघा. आता कुणी असं लिहीत नाही, पण एका मोठ्या प्लॉटवर एकच घर हा नियम ठेवला की तोच परिणाम होतो, ज्यांच्या आजोबांना घर घेऊ दिलं नाही त्यांच्या नातवाकडे डाउन पेमेंट कुठून येणार. 2023 ला राज्यानं कायदा करून मोठ्या शहरांत एका प्लॉटवर चार घरं, स्टेशनजवळ सहा, अशी परवानगी द्यायला लावली आणि आपल्याकडच्या शहरांना 2025 च्या जूनअखेर आपापले नियम बदलायचे होते. त्या वेळी कोण काय बोललं, कुणी मनापासून केलं आणि कुणी पार्किंग, उंची, सेटबॅक असल्या अटी घालून मूळ हेतूच मारायला बघितला, हे विचारा. आपल्यातल्या बऱ्याच जणांना भीती वाटते की शेजारी फोरप्लेक्स आला तर घराची किंमत पडेल. ती भीती उमेदवारासमोर मोकळेपणी मांडा की, पण मग इथल्या शाळेत शिकवणारी टीचर आणि बस चालवणारा ड्रायव्हर कुठे राहणार हेही त्याच दमात विचारा.

शाळेबद्दल आपण सगळ्यात जास्त बोलतो आणि सगळ्यात कमी विचारतो. हायकॅपची, म्हणजे हुशार मुलांच्या खास वर्गाची परीक्षा, मॅथचा ट्रॅक, रेटिंग दहापैकी किती, एवढ्यावर आपली गाडी अडते. राज्याच्या शिक्षण खात्याच्या रिपोर्ट कार्डवर प्रत्येक डिस्ट्रिक्टचा, प्रत्येक शाळेचा आकडा आहे की कुठल्या वंशाच्या किती मुलांना सस्पेंड केलं, एका क्लिकवर दिसतं, सभेच्या आधी प्रत्येकानं आपल्या शाळेचा बघून या. मग बोर्डाच्या उमेदवाराला तोच आकडा दाखवून विचारा की हे तुम्हाला माहीत होतं का आणि काय करणार. हायकॅपबद्दल विचारायचंच असेल तर असं विचारा की 2023 च्या कायद्यानं सगळ्या मुलांची चाचणी शाळेतच घ्यायची ठरलंय, म्हणजे ज्यांच्या आईबापांना फॉर्म भरायचं माहीत नाही त्यांची मुलंही सुटू नयेत, ते आपल्या डिस्ट्रिक्टमध्ये नीट चाललंय का. हुशारी काय आपल्याच मुलांत असते असं थोडंच आहे.

आता सेफ्टी. सोन्यासाठी आपल्या घरांवर चोऱ्या होतात, दिवाळी-लग्नसराईत पाळत ठेवून होतात, ही भीती खरी आहे, ज्यांच्या आईचं मंगळसूत्र गेलं त्यांना मी काय सांगणार. तो प्रश्न सभेत पहिला घ्या, माझी काहीच हरकत नाही. पण चोरीची भीती आहे म्हणून पोलिसांना काही विचारायचं नाही, हे कुठलं गणित? चोर पकडायला तपास लागतो, साक्षीदार लागतात, लोकांनी पोलिसांशी बोलावं लागतं, आणि रंग बघून थांबवायची सवय असलेल्या पोलिसांशी कोण बोलायला जातं. दोन्ही प्रश्न एकाच उमेदवाराला विचारले की कळतं त्यानं खरंच विचार केलाय का, की आपल्या भीतीवर मत मागतोय.

यात जातीचा प्रश्न पण आहे आणि तो मी मुद्दाम शेवटी ठेवला नव्हता, यादीत पहिला लिहिला होता, तोच सगळ्यात आधी काढला गेला. 21 फेब्रुवारी 2023 ला सिअ‍ॅटल हे जातीवरून भेदभाव करायला बंदी घालणारं अमेरिकेतलं पहिलं शहर झालं, सहा विरुद्ध एक मतानं, आणि प्रस्ताव मांडणाऱ्या क्षमा सावंत पुण्यात जन्मलेल्या, मुंबईत वाढलेल्या. तो कायदा सिअ‍ॅटलच्या हद्दीपुरता आहे, पूल ओलांडून बेलव्ह्यूला आलं की लागू नाही, आणि आपल्या लोकांची मोठमोठी ऑफिसं तर इकडेच आहेत. आपल्या शहरात असा कायदा करायला तुमचं मत काय, हा साधा प्रश्न आहे. मंडळात यावर मतं वेगळी आहेत हे मला माहितीये, मी स्वतः कायदा हवा या बाजूची आहे, ज्यांना नको वाटतो त्यांनीही ऐकून घ्यावं की उमेदवार काय म्हणतो. आडनाव ऐकून गाव आणि मग गावावरून जात काढायची आपली सवय विमानात बसलो म्हणून सुटली नाही, आणि ज्यांना त्याचा त्रास होतो ती माणसं आपल्याच मंडळात आहेत, वर्गणी भरतात, गणपतीत भांडी घासायला उभी राहतात आणि यावर गप्प बसतात.

आणखी एक, आपला माणूस उभा राहिला की आपण डोळे मिटून मत देतो, फलक लावतो, ते समजू शकते, आनंद मलाही होतो. पण भारतीय आडनाव आहे म्हणजे या प्रश्नांवर तो बरोबरच असेल असं नाही, त्यालाही तेच प्रश्न, तेवढाच वेळ. 2019 ला अफर्मेटिव्ह ॲक्शन, म्हणजे मागे ठेवलेल्यांना शिक्षणात-नोकरीत संधी द्यायची पद्धत, परत आणायचा प्रस्ताव राज्यात अगदी थोडक्या मतांनी पडला, त्या वेळी त्याच्या विरोधात सगळ्यात जोरात काम करणारे आपल्यासारखेच आशियाई इमिग्रंट होते, आपल्या ग्रुपांवरही ते मेसेज धडाधड फॉरवर्ड होत होते. ज्याला ते पटलं असेल त्याचा मान ठेवून सांगते, जी शिडी दुसऱ्यांनी मार खाऊन लावली तिच्यावरून वर आल्यावर ती ओढून घेणं मला पटत नाही.

ज्यांच्याकडे अजून ग्रीन कार्डच आहे किंवा एच-वन आहे त्यांना मत देता येत नाही, पण सभेला येऊन प्रश्न विचारायला नागरिकत्व लागत नाही, स्कूल बोर्डाच्या मीटिंगला बोलायलाही लागत नाही. ज्यांना मत आहे त्यांनी ते टाका, 2023 च्या नोव्हेंबरला राज्यात नोंदणी केलेल्यांपैकी 36 टक्क्यांच्या आसपास लोकांनी मत दिलं, अशा वेळी आपल्या दोन-चारशे घरांनी लक्ष घातलं तर काउन्सिलची सीट इकडची तिकडे होते. आणि पोस्टानं येणाऱ्या बॅलटच्या पाकिटावर सही नीट करा. राज्याच्या ऑडिटरनी 2020 च्या निवडणुकीचा अभ्यास केला त्यात दिसलं की ब्लॅक मतदारांचं बॅलट नाकारलं जायचं प्रमाण गोऱ्यांच्या चौपट होतं, आशियाई, लॅटिनो, नेटिव्ह अमेरिकन मतदारांचंही जास्त होतं, मुख्यतः सही जुळली नाही म्हणून. मुद्दाम केल्याचा पुरावा ऑडिटरना मिळाला नाही, पण मत गेलं ते गेलंच. आपल्या काउंटीत इलेक्शन डायरेक्टरसुद्धा निवडून येतो, तेव्हा ती निवडणूक आली की त्या उमेदवारालाही बोलवा आणि हे विचारा, प्रॉसिक्युटरलाही बोलवा.

माझी कमिटीला विनंती अशी की काढलेले सगळे प्रश्न परत घ्या, ते उमेदवारांना पंधरा दिवस आधी लेखी पाठवा म्हणजे कुणी "अचानक विचारलं" म्हणू नये, सभेचं रेकॉर्डिंग करा आणि उत्तरं जशीच्या तशी, कुणाचीही बाजू न घेता, मराठीत टाइप करून सगळ्यांना पाठवा, आपल्याकडे ज्येष्ठ मंडळींना मराठीतून वाचायला सोपं जातं. टायपिंग मी करते, अजून तीन जणी तयार आहेत. कुणी उमेदवार उत्तर द्यायला नाही म्हणाला तर त्याच्या नावापुढे उत्तर दिलं नाही एवढंच लिहायचं. शनिवारच्या मीटिंगला मी प्रश्नांच्या वीस प्रिंट्स घेऊन येतेय, हात वर करून मतदान घ्या, जे ठरेल ते सगळ्यांसमोर ठरू दे.

आपली,
रेडमंडची एक मतदार आणि मंडळाची जुनी मेंबर